केइगो, अहो आणि 'काऊन बे'

आयटीतल्या मराठी माणसाच्या तोंडी एक वाक्य फार वेळा ऐकू येतं. "जपानी लोकांच्या भाषेतच नम्रता आहे रे. आपल्याकडे ते रक्तातच नाही." हे वाक्य बहुतेक वेळा ऑनसाइटहून नुकताच परतलेला माणूस म्हणतो. हातात माचा फ्लेवरच्या किटकॅटचं पाकीट असतं, ते सगळ्या क्यूबिकल्समधून फिरतं आणि पाकिटासोबत हे वाक्यही फिरतं. किटकॅट संपतं, वाक्य राहतं.

या वाक्यात दोन चुका आहेत आणि एक अपमान. आज वीकेंडला वेळ आहे, तेव्हा तिघांचाही समाचार घेऊ.

आधी पार्श्वभूमी. पुण्यातल्या आयटी कंपन्यांना जपानी क्लायंट नवे नाहीत. रानडे इन्स्टिट्यूटमध्ये आणि टिळक महाराष्ट्र विद्यापीठात जपानी शिकलेली कितीतरी मराठी मुलं-मुली टोकियोला पोचली. एदोगावा वॉर्डातल्या निशिकासाईला 'लिटल इंडिया' म्हणतात, आणि २०१९ मध्ये तिथल्या वॉर्ड असेंब्लीवर योगेंद्र पुराणिक हा मराठी माणूस निवडूनही आला. पुण्यात सिंहगड रोडवरची पु. ल. देशपांडे बाग ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर आहे. थोडक्यात काय, आपलं आणि जपानचं येणंजाणं व्यवस्थित आहे. पण जपानी समाजाबद्दल आपल्याला नक्की काय शिकवलं जातं?

मी ज्या कंपनीत होतो (नाव जाऊ द्या) तिथे जपान प्रोजेक्टवर घेण्याआधी दोन दिवसांचं 'कल्चर ट्रेनिंग' असायचं. पीपीटी. स्लाइड एक: जपानी माणूस कधी 'नाही' म्हणत नाही. स्लाइड दोन: व्हिजिटिंग कार्ड दोन्ही हातांनी घ्या. स्लाइड तीन: वाकायचं किती अंशात. मुलींसाठी एक वेगळी स्लाइड: बायकांची जपानी वेगळी असते, मृदू असते, वाक्याच्या शेवटी अमुक लावतात. शेवटी प्रश्नमंजूषा आणि समोसे. दोन दिवसांत एक अख्खा समाज शिकून झाला!! जावाची एखादी नवी लायब्ररी शिकायलाही आम्हाला पंधरा दिवस देतात हो.

आता पहिली चूक.

स्टॅनफर्ड विद्यापीठात मियाको इनोउए नावाच्या प्राध्यापक आहेत. विषय भाषिक मानवशास्त्र. म्हणजे काय, तर भाषा फक्त व्याकरण म्हणून न बघता, कोण कुणाशी कसं बोलतं, कुणाच्या बोलण्याला समाज किंमत देतो, कुणाच्या बोलण्याला हसतो, हे सगळं बघायचं. त्यांचं 'व्हायकेरियस लँग्वेज' हे पुस्तक २००६ साली आलं. विषय आमच्या त्या मुलींच्या स्लाइडचाच, जपानी 'बायकांची भाषा'.

सर्वसाधारण समजूत अशी की ही नाजूक, आदबशीर बायकी भाषा शतकानुशतकं चालत आलेली, जपानी संस्कृतीचा दागिना वगैरे. इनोउएबाई जुनी मासिकं काढून बसल्या आणि वेगळंच दिसलं. मेइजी काळात मुलींच्या शाळा निघाल्या. तिथल्या मुली आपसात बोलताना वाक्याच्या शेवटी 'तेयो', 'दावा' असले प्रत्यय लावायला लागल्या. त्यावर तेव्हाचे विद्वान पुरुष काय म्हणाले? की वा, किती संस्कारी? छे! ते खवळले. ओझाकी कोयो या कादंबरीकाराने १८८८ सालीच या मुलींच्या बोलण्याला नावं ठेवली होती. ही भाषा हलकी, उथळ, चांगल्या घरच्या मुलींना न शोभणारी. आणि पुढे गंमत बघा. तीच बोली कादंबऱ्यांत आली, मासिकांत आली, जाहिरातींत आली, आणि काही दशकांत तीच 'खरी, पारंपरिक बायकांची भाषा' झाली. ज्या खेड्यातल्या बाईने ती कुणाच्या तोंडून कधी ऐकलीच नव्हती तिनेही ती छापील वाचली आणि आपण बोलतो ते अशुद्ध असं मानलं. इकडे तोहोकूच्या शेतकरी घरांतल्या म्हाताऱ्या स्वतःला खुशाल 'ओरे' म्हणत. क्लासमध्ये 'ओरे' शिकवताना सांगतात की हा शब्द पुरुषांचा, तोही रांगडा. मग या आज्या जपानी नव्हत्या की बायका नव्हत्या?

म्हणजे जे 'रक्तात' आहे असं स्लाइडवर लिहिलंय ते शंभर-सव्वाशे वर्षांत छापखान्यात, शाळेत आणि बाजारात तयार झालं. रक्तगट तपासून सापडणार नाही.

हीच गोष्ट केइगोची, म्हणजे आदरार्थी भाषेची. केइगो जुनी आहे, यात वाद नाही. पण आज आपण जी शिकतो तिची डागडुजी सरकारी समित्यांनी केलीये. १९५२ साली राष्ट्रीय भाषा परिषदेने 'यापुढची केइगो' नावाची शिफारस काढली. युद्धानंतरचं लोकशाहीचं वारं होतं, तेव्हा केइगो साधी करा, परस्परांचा मान राखणारी करा असा सूर. समोरच्यासाठी 'आनाता' हा शब्द सर्रास वापरावा असंही ठरवलं. आज तुमच्या जपानी मॅनेजरला 'आनाता' म्हणून बघा! समितीने ठरवलं, समाजाने ऐकलं नाही. पुढे २००७ मध्ये सांस्कृतिक परिषदेने नवी मार्गदर्शिका काढली आणि केइगोचे पूर्वीचे तीन प्रकार पाच केले. का? कारण खुद्द जपानी लोकांचा गोंधळ होतो. रेस्टॉरंटमध्ये पार्ट टाइम काम करणारी पोरं जी ठरावीक पाठ केलेली केइगो बोलतात तिच्यावर म्हातारी मंडळी नाक मुरडतात. एप्रिलमध्ये कंपनीत लागलेल्या नव्या पोरांना फोनवर कसं बोलायचं याचं ट्रेनिंग द्यावं लागतं. रक्तात असतं तर ट्रेनिंग कशाला लागलं असतं?

आता दुसरी चूक. भाषेत आदराचे प्रत्यय जास्त म्हणजे माणसं जास्त नम्र, हे गणित.

हे गणित मांडणाऱ्याने पुणेरी पाट्या वाचाव्यात. व्याकरण निर्दोष. ऱ्हस्व-दीर्घ जागच्या जागी. 'कृपया' आहे, 'आपण' आहे, 'करू नये' आहे. आणि तरी वाचणाऱ्याचा असा काही उद्धार होतो की पुन्हा त्या गल्लीत गाडी लावायची हिंमत होत नाही. शुद्ध भाषेत, संपूर्ण आदरार्थी बहुवचनात अपमान कसा करावा याचं जगातलं सर्वोत्तम विद्यापीठ आपल्याकडेच आहे :-)

केइगोतही हेच. ती नम्रतेपेक्षा जास्त एक नकाशा आहे. आत कोण, बाहेर कोण. वर कोण, खाली कोण. एक उदाहरण घ्या. तुमच्या मॅनेजरचं नाव कुलकर्णी. ऑफिसात तुम्ही त्यांना 'कुलकर्णी-सान' म्हणता. पण क्लायंटचा फोन आला आणि कुलकर्णी जागेवर नसतील तर जपानीत म्हणायचं, 'कुलकर्णी जागेवर नाही'. सान नाही, आदर नाही. कारण बाहेरच्याशी बोलताना आपल्या कंपनीतला सर्वांत मोठा साहेबही 'आतला' होतो, आणि आतल्याला बाहेरच्यासमोर मान द्यायचा नसतो. मराठीत असं होत नाही. 'आमचे साहेब आले नाहीत' असंच आपण बाहेरच्यालाही सांगणार. साहेब सगळीकडे साहेबच. म्हणून मराठी पोरगा इथे हमखास अडखळतो. आणि मग त्याला सांगतात, तुझ्यात नम्रता कमी आहे! अरे, त्याच्यात नम्रता जास्त झाली म्हणून तर 'सान' निघालं तोंडून. त्याला नकाशा दाखवला नाही, एवढंच.

आणि हा नकाशा नीट बघितला तर आपल्या धंद्यातली एक गोष्ट उघडी पडते. जपानी आयटीमध्ये कामाची उतरंड असते. मूळ क्लायंट, त्याखाली मोठा व्हेंडर, त्याखाली छोटा व्हेंडर, त्याखाली आणखी कुणी, आणि कुठेतरी तळाशी आपण. मूळ क्लायंटसमोर मीटिंग असेल तर व्हेंडर तुम्हाला 'आतला' धरतो. तुमच्या नावापुढचं सान गळतं, तुम्ही 'आमच्याकडचा' होता, चूक झाली तर त्याच्यासोबत तुम्हीही वाकता. पण प्रोजेक्टचं बजेट ठरताना, कुणाला ठेवायचं आणि कुणाला परत पाठवायचं हे ठरताना तुम्ही बाहेरचे. मग तुम्ही आतले की बाहेरचे? हा प्रश्न कुठल्याही स्लाइडवर नाही. भाषिक मानवशास्त्राच्या वर्गात मात्र तो पहिल्या आठवड्यात यायला हवा. आणि त्याच्या उत्तरावर तुमचं पुढच्या वर्षीचं भाडं अवलंबून असतं!

आपल्याकडे पात्रता मोजतात ती जेएलपीटीने. एन-३, एन-२, एन-१. चांगली परीक्षा आहे, मी स्वतः एन-३ पर्यंत पोचलोय. पण तिच्यात शब्द, व्याकरण, वाचन, ऐकणं एवढंच असतं. बोलण्याची परीक्षाच नाही. म्हणजे ज्या गोष्टीसाठी आपल्याला घेतात ती सोडून बाकी सगळं तपासतात. उरलेलं ती पीपीटी भरून काढते, आणि ती भरते 'रक्त', 'संस्कृती', 'स्वभाव' असल्या भुशाने.

आता अपमान. इथे मी थोडा तापणार आहे, सांभाळून घ्या.

मी सिंदी मेघेचा. वर्ध्याला लागून आहे. आमच्या आजूबाजूला पिपरी मेघे, सावंगी मेघे, बोरगाव मेघे असे मेघेच मेघे आहेत. आमच्याकडची मुलं महाराष्ट्र एक्स्प्रेसने नाहीतर ट्रॅव्हल्सने पुण्याला उतरतात, आणि पहिल्या आठवड्यात शिकतात ते कोडिंग नव्हे. ते शिकतात गप्प बसायला. 'करून रायलो' म्हटलं की हशा. 'काऊन' म्हटलं की नक्कल. 'मले', 'तुले' तर स्टँडअप कॉमेडीच. इंटरव्ह्यूत 'कम्युनिकेशन स्किल्स' नावाचा एक रकाना असतो. त्यात इंग्रजीचे मार्क जातात हे सगळ्यांना माहीत आहे. मराठीचे जातात हे कुणी बोलत नाही. 'आपल्याकडे रक्तातच नाही' यातलं 'आपल्याकडे' म्हणजे कोण, हे पुण्यात कुणाला विचारायची गरज पडत नाही. नजर आपोआप वळते.

'वऱ्हाडी भाषा उद्धट, कारण त्यात बे असतं.' बरं. मग जरा नीट ऐका. माझ्या वर्गमित्राला मी 'काऊन बे' म्हणतो. मोठ्या भावाच्या मित्राला 'काय भाऊ'. शेजारच्या म्हाताऱ्यांना 'हाव जी'. यात गफलत करून दाखवा. म्हाताऱ्याला 'बे' म्हणा आणि बघा माय काय करते ते! नियम तिथेही तितकेच कडक आहेत, फक्त ते कुणी छापले नाहीत. आणि आमच्याकडे 'ये' आणि 'येजो' यात फरक आहे. 'ये' म्हणजे आत्ता ये. 'येजो' म्हणजे सवड झाली की ये, वाट बघतोय. त्यात हुकूम नाही, घाई नाही. प्रमाण मराठीला हे एका क्रियापदात साधत नाही, तिला सोबत 'सवडीने', 'जमेल तेव्हा' असं काहीतरी जोडावं लागतं. हे जपानीत असतं तर त्यावर एक स्लाइड झाली असती. वऱ्हाडीत आहे, म्हणून गावंढळ.

हे जपानमध्येही घडलंय बरं का. १९०२ मध्ये तिथे राष्ट्रीय भाषा समिती नेमली गेली आणि टोकियोच्या शिकलेल्या वर्गाची बोली ही देशाची प्रमाण भाषा होत गेली. ओकिनावातल्या शाळांत बोलीत बोलणाऱ्या पोराच्या गळ्यात लाकडी पाटी अडकवायचे, 'बोलीची पाटी'. दुसरा कुणी बोलीत बोलताना सापडला की ती त्याच्या गळ्यात. युद्धानंतर तोहोकूची पंधरा-सोळा वर्षांची पोरं रेल्वे भरभरून टोकियोच्या कारखान्यांत आली आणि आपल्या उच्चारांची लाज वाटून गप्प राहायला शिकली. गाडीचं नाव बदला, स्टेशनांची नावं बदला. गोष्ट ओळखीची वाटते की नाही?

आपल्याकडची प्रमाण मराठीही आकाशातून पडलेली नाही. मोल्सवर्थचा कोश १८३१ चा. त्यानंतर मेजर कँडींच्या देखरेखीखाली शाळेची पुस्तकं तयार झाली. शुद्धलेखनाचे नियम सरकारने १९६२ साली स्वीकारले, १९७२ साली त्यांत आणखी चारांची भर पडली. आणि वर्धा जिल्हा १९५६ च्या ऑक्टोबर अखेरपर्यंत मध्य प्रदेशात होता! म्हणजे पाठ्यपुस्तकातली मराठी घडत होती तेव्हा आमचे आजे दुसऱ्याच राज्यात बसून वऱ्हाडी बोलत होते. त्यांना कुणी विचारलं नव्हतं, आणि नातवाला मात्र त्या परीक्षेत नापास करतात.

प्रमाण भाषा नकोच असं मी म्हणत नाही. प्रोटोकॉल लागतोच. नाहीतर गडचिरोलीचा अर्ज सिंधुदुर्गात वाचता यायचा नाही. पण प्रोटोकॉल हा फक्त प्रोटोकॉल असतो. दोन मशीन एचटीटीपीने बोलतात म्हणून आतला डेटाबेस हलका ठरत नाही. आपण प्रोटोकॉललाच खानदान समजून बसलोय, हे दुखणं आहे.

आता दोन आक्षेप येणार, ते मला माहीत आहेत.

पहिला: "अरे बाबा, क्लायंट पैसे देतो केइगोचे. थिअरी काय चाटायचीये?" उत्तर: पैशाचंच बोलू. जपानी माणूस मीटिंगमध्ये 'हाय, हाय' म्हणतो ते बहुधा 'ऐकतोय' या अर्थी असतं. आपण ते 'मान्य' असं मिनिट्समध्ये लिहितो. 'विचार करून बघू' हे कितीदा तरी नकार असतं. आपण त्यावर पुढच्या महिन्याचं प्लॅनिंग करतो. मग सगळं फिसकटलं की म्हणतो, जपानी माणूस गूढ आहे. गूढ काही नाही हो. आपल्याकडे मुलगी बघायला गेलेले लोक 'घरी विचारून कळवतो' म्हणतात तेव्हा कळतं की नाही तुम्हाला? तिथे कुणी मराठी माणसाला गूढ म्हणत नाही. आपल्याला तो समाज माहीत असतो, म्हणून वाक्य कळतं. समाज न शिकवता भाषा शिकवली की असंच होणार, आणि बिल तुमच्याच कंपनीला येणार.

दुसरा आक्षेप: "पण जपानी लोक खरंच नम्र असतात, मी बघितलंय." बघितलं असेल. दुकानात बघितलं, लॉबीत बघितलं, मीटिंगमध्ये बघितलं. म्हणजे जिथे तुम्ही बाहेरचे होतात आणि समोरचा नोकरीवर होता तिथे. रात्री घरी गेल्यावर तो नवरा बायकोला 'ओमाए' म्हणतो आणि ती त्याला 'आनाता' म्हणते, अशी हजारो घरं होती. 'ओमाए' म्हणजे साधारण आपलं 'अगं', आणि 'आनाता' म्हणजे 'अहो'. कळलं? आपल्याकडे काय वेगळं आहे?

मराठी घर म्हणजे तर केइगोची प्रयोगशाळा. आई 'तू', बाबा कितीतरी घरांत 'तुम्ही'. सख्खी आई 'तू', सासू 'अहो आई'. बायको 'अहो' म्हणणार, नवरा 'अगं' म्हणणार. नवऱ्याचं नाव घ्यायचं तर उखाण्यात गुंडाळून घ्यायचं. आता यावर कुणी जपानी कंपनीने स्लाइड केली की 'मराठी स्त्रीच्या रक्तातच आदर आहे', तर आपल्या मैत्रिणी काय म्हणतील? सरळ आहे. हे रक्तात नाही, हे घरात कुणाचं चालतं त्यातून आलंय, आणि ते बदलतंय. आता कितीतरी घरांत नवरा नुसता नावाने, बाबासुद्धा 'तू'. आकाश कोसळलं नाही. मग जपानी बाईच्या बाबतीत आपण 'रक्तात' कसं काय मान्य करतो? तिच्या ऑफिसात, १९८६ मध्ये समान संधीचा कायदा लागू झाल्यावर, ती मॅनेजर झाली तेव्हा तिने ऑर्डर द्यायची कुठल्या भाषेत? मृदू बोललं तर कुणी ऐकत नाही, कडक बोललं तर बाई बिघडली. इनोउएंनी टोकियोतल्या एका कंपनीत बसून अशाच बायकांचं बोलणं अभ्यासलं. आपल्या टीममधल्या मुलींना हा पेच वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

जपानने एक गोष्ट मात्र खरंच कौतुकाची केली, आणि ती कुठल्याच स्लाइडवर नसते. तिथे १९४८ साली राष्ट्रीय भाषा संशोधन संस्था निघाली. त्या संस्थेने आइची प्रांतातलं ओकाझाकी हे गाव घेतलं आणि लोकांना प्रसंग सांगून विचारलं, इथे तुम्ही काय म्हणाल? १९५३ साली विचारलं. १९७२ साली पुन्हा त्याच गावात विचारलं. २००८ साली परत. पंचावन्न वर्षं! यामागाता प्रांतातल्या त्सुरुओकाला बोलीचं काय होतंय हे बघायला १९५० पासून साधारण वीस-वीस वर्षांनी जात राहिले. म्हणजे जे लोक 'स्वभावतः नम्र' म्हणून जगात प्रसिद्ध आहेत, त्यांनी स्वतः मात्र असल्या समजुतीवर विसंबायला नकार दिला आणि मोजायला बसले. आपण त्यांच्याकडून वाकणं उचललं, मोजणं उचललं नाही.

आपल्याकडे काहीच झालं नाही असं नाही. सांगलीजवळच्या कुपवाडमध्ये मराठी, कन्नड आणि उर्दू शेजारी राहून एकमेकींच्या व्याकरणाच्या किती जवळ आल्या यावर गम्पर्झ आणि विल्सन यांचा १९७१ चा लेख जगभर शिकवतात. मॅक्सीन बर्नसन अमेरिकेतून येऊन फलटणला राहिल्या, फलटणच्या मराठीवर त्यांनी पीएच.डी. केली आणि पुढे तिथेच शाळा काढली. अलीकडे डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था यांनी बोलींचं सर्वेक्षण केलं. चांगली कामं आहेत. पण कुपवाड आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे? पीपीटीत आलंय कधी?

आणि आता माझ्या गावाकडे येतो, कारण खरी संधी तिथेच पडून आहे.

वर्धा आणि जपान यांचं नातं आयटीच्या कितीतरी आधीचं. निचिदात्सु फुजी हे जपानी भिक्खू १९३३ मध्ये वर्ध्याला येऊन गांधीजींना भेटले. सेवाग्रामच्या प्रार्थनेची सुरुवात आजही 'नम्यो हो रेंगे क्यो' ने होते. वऱ्हाडी कानांवर रोज पडणारी ही जपानी! १९४२ च्या जुलैमध्ये, जपानी फौजा बर्मेपर्यंत आल्या असताना, गांधीजींनी सेवाग्रामहून 'प्रत्येक जपान्यास' उद्देशून उघडं पत्र लिहिलं. जपानवर त्यांचं प्रेम होतं, आणि त्याच पत्रात जपानच्या चीनवरच्या आक्रमणाचा त्यांनी स्पष्ट निषेध केला. याला म्हणतात ओळख. आपल्या दोन दिवसांच्या ट्रेनिंगमध्ये जपानी माणसाशी असं बरोबरीने बोलायची शक्यताच धरलेली नसते. त्यात दोनच पर्याय: एक तर पायाशी, नाहीतर पाठीमागे चेष्टा.

त्याच वर्ध्यात महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालय आहे. सिंदी मेघेहून गाडीवर अर्धा तासही लागत नाही. तिथे जपानी शिकवतात. तिथे मानवविज्ञानाचा विभागही आहे. हे दोन विभाग एकत्र येऊन 'आधुनिक जपानी समाज आणि भाषा' असा एक दणदणीत अभ्यासक्रम का चालवू नयेत? पहिला गृहपाठ माझ्याकडून: वर्ध्याच्या बसस्टँडवर दोन तास बसा आणि कोण कुणाला तू, तुम्ही, भाऊ, जी, बे म्हणतं ते लिहून आणा. ज्याला हे ऐकता आलं त्याला टोकियोतली केइगो ऐकता येईल. ज्याला आपल्या गावचा नकाशा वाचता येत नाही, त्याला परक्या गावचा कुठून वाचता येणार?

आणि आता रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ झालंय. अमरावती जिल्ह्यात, वऱ्हाडी बोलणाऱ्या मुलखात. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी चक्रधरांच्या आठवणी सांगणारी माणसं शोधली, गावोगाव फिरून, ज्याने जसं सांगितलं तसं जमवलं, तेव्हा कुठे लीळाचरित्र उभं राहिलं. याला आज फील्डवर्क म्हणतात. या विद्यापीठाने एक ओकाझाकी करावं. वर्धा घ्या, अचलपूर घ्या, हिंगणघाट घ्या. प्रसंग सांगा, उत्तरं लिहा, आणि वीस वर्षांनी परत जा. मराठीला २०२४ मध्ये अभिजात दर्जा मिळाला, आनंद आहे, पेढे वाटून झाले. जुनी आहे हे सिद्ध झालं. आज ती कोण कशी बोलतंय हेही बघू की.

आणि कंपन्यांनी? त्यांनी त्या पीपीटीतली 'रक्त' आणि 'स्वभाव' असलेली प्रत्येक स्लाइड डिलीट करावी. मुलींची वेगळी स्लाइड सर्वांत आधी. त्या जागी जपानी ऑफिसातली खरी संभाषणं ऐकवावीत, आणि प्रत्येक वाक्याला एकच प्रश्न विचारावा: हे कोण, कुणाला, कुठे उभं राहून बोलतंय? दोन दिवस पुरतात. समोसे चालू ठेवा.

राहता राहिला तो किटकॅटवाला. पुढच्या वेळी तो म्हणाला की आपल्याकडे ते रक्तातच नाही, तर भांडू नका. शांतपणे विचारा, "काऊन भाऊ, तपासून पायलं का?"